रुग्णालयातील हवा आणि साथीचे रोग

सुगीच्या दिवसांत खळ्यावर धान्य उफणताना दाणा पायाशी पडतो आणि भूस वाऱ्याबरोबर दूर जाते. खोकणाऱ्या माणसाच्या तोंडातून उडणाऱ्या थेंबांचेही असेच आहे. जड थेंब तीन-चार हातांवर खाली पडतात. अगदी बारीक कण मात्र हवेत तरंगत राहतात आणि हवा नेईल तिकडे जातात.

याचा धडा पश्चिम जर्मनीतील मेशेडे या गावाला जानेवारी १९७० मध्ये मिळाला. पाकिस्तानातून परतलेल्या एका तरुणाला तापामुळे रुग्णालयात आणले. विषमज्वराचा संशय असल्याने त्याला एका खोलीत वेगळे ठेवले. तो खोलीबाहेर पडला नाही. त्याला खोकला मात्र फार होता. काही दिवसांनी कळले की, रोग देवीचा आहे! त्याला तेथून हलवले, सर्वांना लस टोचली, तरी वरच्या मजल्यांवरील रुग्णसुद्धा आजारी पडले. त्यांनी त्याचे तोंडही पाहिले नव्हते. केवळ थोडा वेळ आत डोकावून गेलेल्या एका माणसालाही देवी आल्या. त्या तरुणासह २० जणांना रोग झाला व ४ जण दगावले.

मग तज्ज्ञांनी त्या खोलीत धूर सोडून पाहिला. धूर दारातून बोळात व जिन्याकडे गेला, तसाच किंचित उघड्या खिडकीतून भिंतीलगत वर चढून वरच्या खोल्यांत शिरला. रोगाची वाट सापडली.

देवीचे उच्चाटन झाल्याचे १९८० मध्ये जाहीर झाले. पण गोवर आहेच. गोवराचा रोगी खोलीतून गेल्यावरही त्याचे विषाणू दोन तासांपर्यंत तेथील हवेत राहू शकतात. करोना हवेतून पसरत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२० मध्ये सांगितले होते. २०२१ मध्ये तो हवेतूनही पसरतो हे तिने मान्य केले. त्या मधल्या काळात पुष्कळांनी हात धुतले, पण खिडक्या बंदच ठेवल्या.

आपल्याकडे आजाऱ्याला पाहायला गाडी भरून माणसे जातात. प्रेम खरे, पण पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

१. एका वेळी एकानेच जावे व लवकर निघावे. तान्ही मुले व म्हातारी माणसे घरी ठेवावीत.

२. स्वतःला सर्दी-खोकला असल्यास जाऊच नये.

३. नाक व तोंड दोन्ही झाकतील असा मास्क घट्ट बांधावा. हनुवटीवरचा मास्क कुचकामी.

४. समोरासमोरच्या खिडक्या उघडल्या तर हवा खेळती राहते. मात्र वेगळ्या ठेवलेल्या रुग्णाचे दार किंवा खिडकी परिचारिकेला विचारल्याशिवाय उघडू नये. हवा कुणाकडे जाईल, हे मेशेडेने शिकवले आहे.

५. मुलांना गोवराची लस नवव्या महिन्यानंतर व पुन्हा दीड वर्षाच्या सुमारास द्यावी.

उफणताना आपण आधी वारा पाहतो. आजाऱ्याजवळ बसतानाही तेवढे पाहावे.