संगणकाचे ठिगळ

नीरा नदीच्या काठी वसलेले अकलूज हे सोलापूर जिल्ह्यातील माळशिरस तालुक्याची एक मोठी बाजारपेठ होय. जवळच शंकरनगर येथे सहकार महर्षी शंकरराव मोहिते-पाटील सहकारी साखर कारखाना आहे. आपल्याकडील साखर कारखान्यांचा गळीत हंगाम दसरा-दिवाळीच्या सुमारास सुरू होतो आणि उन्हाळ्यात संपतो. मग धुराडे थंड होते व पावसाळाभर यंत्रांची डागडुजी चालते. गाळप बंद असल्यामुळे झिजलेले दाते, गळके नळ, सैल झालेले पट्टे यांची दुरुस्ती कारागिरांना सवडीने करता येते.

उसाचे पैसे शेतकऱ्याच्या बँकेतील खात्यावर जमा होतात. ते खाते एके काळी जाडजूड वहीत असे. आज ते संगणकात असते. संगणकालाही डागडुजी लागते. तथापि, तिच्यासाठी पावसाळ्याची वाट पाहत बसता येत नाही.

संगणक चालतो तो आज्ञावलीच्या आधारे. मोठ्या आज्ञावलीत लक्षावधी ओळी असतात, आणि त्या माणसांनीच लिहिलेल्या असल्यामुळे कोठे ना कोठे चूक राहतेच. काही चुका केवळ त्रासदायक असतात. काही मात्र कुंपणातील भगदाडासारख्या असून त्यांतून चोर आत शिरू शकतो. अशी चूक झाकण्यासाठी जी छोटी दुरुस्ती पाठवतात, तिला इंग्रजीत ‘पॅच’, म्हणजे ठिगळ, असे म्हणतात. हे नाव उगीच पडलेले नाही. पूर्वी आज्ञावली कागदी फितीवर भोके पाडून नोंदवीत. चूक आढळली, की तेवढ्या भागावर खरोखरच कागदाचा तुकडा चिकटवीत.

या ठिगळांत एक विलक्षण अडचण आहे. ठिगळ प्रसिद्ध झाले, की भगदाड कोठे होते हेही जगजाहीर होते. जुनी आणि नवी आज्ञावली शेजारी ठेवून पाहिली, की जाणत्या चोराला जागा कळते. म्हणून ज्याने ठिगळ लावले नाही, त्याचा धोका त्या दिवसापासून उलट वाढतो.

सन २०२४ च्या जुलै महिन्यात याचा प्रत्यय आला. सहकारी व ग्रामीण बँकांना संगणकसेवा पुरवणाऱ्या एका कंपनीवर खंडणीखोरांनी हल्ला केला. ३१ जुलै रोजी नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने तिचा संबंध तात्पुरता तोडला, आणि सुमारे ३०० लहान बँकांच्या ग्राहकांचे पैशांचे व्यवहार अडले. ‘जेन्किन्स’ नावाच्या आज्ञावलीतील एका भगदाडातून चोर शिरले, असा निष्कर्ष क्लाउडसेक या संस्थेने काढला. त्या भगदाडाचे ठिगळ जानेवारीतच प्रसिद्ध झालेले होते.

मग आलेले प्रत्येक ठिगळ तत्काळ सर्वत्र लावून टाकावे काय? त्याच महिन्याच्या १९ तारखेला नेमके तेच घडले होते. संगणकांच्या रक्षणासाठी क्राउडस्ट्राइक कंपनीने पाठवलेली एक सदोष सुधारणा जगभर एकाच वेळी पोहोचली व ‘विंडोज’वर चालणारे सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले. भारतातील विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले प्रवेशपत्र द्यावे लागले. उशीर घातक आणि घाईही घातक. यास्तव ठिगळ लावण्याचे साधन निवडताना फार विचार करावा लागतो.

मोठमोठे व्यवहार सांभाळणारे पुष्कळ संगणक युनिक्स या कार्यप्रणालीवर किंवा तिच्या कुळातील लिनक्सवर चालतात. युनिक्सचा जन्म १९६९ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन टॉम्सन व डेनिस रिची यांच्या हातून झाला. लिनक्स १९९१ मध्ये फिनलंडमधील लिनस टोरव्हाल्ड्स या विद्यार्थ्याने लिहिले.

या कुळातील जुने व आजही वापरातले साधन म्हणजे लॅरी वॉल यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेली ‘पॅच’ ही आज्ञावली. संपूर्ण ग्रंथ पुन्हा न पाठवता केवळ शुद्धिपत्र पाठवावे, तशी ही युक्ती. बदललेल्या ओळी आणि त्यांच्या आसपासच्या काही ओळी एवढेच पाठवायचे. आसपासच्या ओळी ओळखून ‘पॅच’ योग्य जागा शोधते, मग ती जागा थोडी सरकलेली असली तरी चालते. जागा सापडलीच नाही, तर न बसलेला तुकडा वेगळा काढून ठेवते. बळेच कोठेतरी चिकटवीत नाही. हा तिचा गुण फार मोलाचा आहे. मात्र तिच्यासाठी मूळ मजकूर हाताशी हवा, आणि कोणत्या संगणकावर काय लावले याची वही ती ठेवत नाही.

एकाऐवजी पन्नास संगणक असले, की ही उणीव जाणवते. तेथे ‘ॲप्ट’ किंवा ‘डीएनएफ’ यांसारखी साधने बरी पडतात. ठिगळ ज्याने पाठवले म्हणतात, त्यानेच ते पाठवले आहे ना, हे ती अंकीय सहीवरून पडताळतात. एका आज्ञावलीला दुसरीची गरज असेल, तर तीही आणतात. शिवाय केलेल्या कामाची नोंद ठेवतात. ‘डीएनएफ’ची नोंद तर अशी, की जुनी प्रत भांडारात शिल्लक असल्यास केलेला बदल उलटा फिरवता येतो.

संगणक शेकड्यांनी असतील, तर ‘ॲन्सिबल’सारखे साधन एका लेखी हुकमाने सर्वांवर काम करते. येथे सावधगिरी हवी, कारण चूकही त्याच वेगाने शेकडोंवर पोहोचते. म्हणून हे काम तुकड्या-तुकड्यांनी करण्याची सोय त्यात आहे. जाणता शेतकरी उसाचे नवे बेणे आधी एका वाफ्यात लावून पाहतो आणि मगच सारे रान त्याखाली आणतो. तसेच ठिगळ आधी बिनमहत्त्वाच्या एका संगणकावर लावतात, एक-दोन दिवस पाहतात, मग पुढची तुकडी घेतात.

‘सोलॅरिस’ या युनिक्सच्या प्रकारात तर याहूनही छान सोय आहे. चालू कार्यप्रणालीला हात न लावता तिची दुसरी प्रत तयार करायची, ठिगळ त्या प्रतीवर लावायचे, आणि बँकेचा दिवसभराचा व्यवहार आटोपल्यावर संगणक नव्या प्रतीवर सुरू करायचा. सकाळी काही बिघडलेले आढळले, तर पुन्हा जुनी प्रत सुरू करता येते. नवी प्रत काही आठवडे सुरळीत चालली, की मगच जुनी पुसतात.