परभणीच्या आकड्यांची तीस वर्षं

1994 साली केंद्र सरकारनं जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम सुरू केला. महाराष्ट्रात पहिल्या टप्प्यात पाच जिल्हे घेतले, आणि पाचही मराठवाड्यातले: औरंगाबाद, लातूर, नांदेड, उस्मानाबाद, परभणी. हिंगोली तेव्हा परभणीतच होती. परभणी–जिंतूर रस्त्यावरच्या झरीसारख्या गावांत या कार्यक्रमाचा अर्थ अगदी साधा होता. शाळेला वर्षाला दोन हजारांचं अनुदान, शिक्षकाला शैक्षणिक साहित्यासाठी पाचशे रुपये, आणि अधूनमधून समूह साधन केंद्रावर प्रशिक्षण.

कार्यक्रमाचं उद्दिष्ट मात्र आकड्यांत लिहिलेलं होतं. गळती दहा टक्क्यांच्या खाली आणायची आणि मुलांची संपादणूक आधी मोजलेल्या पातळीपेक्षा पंचवीस टक्क्यांनी वाढवायची. ‘आधी मोजलेल्या’ ही अट मला फार मोलाची वाटते. त्यापायी काम सुरू होण्याआधी मुलांच्या भाषा-गणिताच्या चाचण्या झाल्या, 1997 मध्ये मधल्या टप्प्यावर पुन्हा झाल्या. आपल्या भागात शाळेवरचा खर्च आणि मुलाचं शिकणं यांची अशी जोडून मोजणी त्याआधी क्वचितच झाली असेल.

याच 1994 च्या 17 सप्टेंबरला नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झालं आणि परभणीची महाविद्यालयं त्याच्याकडे गेली. एका बाजूला देशातला एक मोठा शैक्षणिक प्रयोग दारात, दुसऱ्या बाजूला नवं कोरं विद्यापीठ. दोघांची गाठ पडायला हवी होती. पण एम.एड.चा लघुप्रबंध बहुतेक ठिकाणी दोन शाळांतल्या शे-दोनशे मुलांची प्रश्नावली आणि टी-चाचणी यांतच अडकून राहिला. कार्यक्रमामुळे नेमकं काय बदललं आणि तो नसता तर काय झालं असतं, हा प्रश्न विचारायला आपल्या विद्यार्थ्यांना कुणी शिकवलंच नाही. पुण्यात शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक आणि चित्रा नाईक यांची भारतीय शिक्षण संस्था होती. 1948 साली मुंबईत सुरू झालेली ही संस्था 1976 मध्ये पुण्याला आली, आणि तिथं धोरण व संशोधन एकाच टेबलावर असायचं. पण परभणीच्या मुलाला पुणं तेव्हा लांबच होतं.

उत्तर शोधलं ते बाहेरच्यांनी. 2003 मध्ये ज्योत्स्ना जालान आणि एलेना ग्लिन्स्काया या अर्थतज्ज्ञांनी कार्यक्रमातले जिल्हे आणि तशाच स्थितीतले बाहेरचे जिल्हे यांची तुलना केली. निव्वळ परिणाम फार मोठा दिसला नाही. पुढे गौरव खन्ना यांनी निवडीचा निकषच हत्यार म्हणून वापरला. 1991 च्या जनगणनेत देशाची स्त्री-साक्षरता 39.3 टक्के होती आणि जिल्हे निवडताना ही सरासरी पाहिली होती. या सरासरीच्या रेषेच्या जरा खालचे आणि जरा वरचे जिल्हे एरवी सारखेच, म्हणून त्यांच्यातला पुढचा फरक बराचसा कार्यक्रमाचा. शिक्षण वाढलं, असं त्यांना आढळलं. पण शिकलेले हात वाढल्यावर शिक्षणामुळे मिळणारी जादा मजुरी घटली, हेही आढळलं. 2023 मध्ये छापून आलेला हा निष्कर्ष मराठवाड्यातल्या पदवीधर बेकारांच्या घरी कुणी वाचून दाखवायला हवा. नोकरी मिळाली नाही याचा सगळा दोष तो पोरगा स्वतःच्या माथी घेऊन बसलेला असतो.

2005 पासून ‘प्रथम’ या स्वयंसेवी संस्थेचं ‘असर’ हे घरोघरी जाऊन करायचं शैक्षणिक सर्वेक्षण आलं. जिल्ह्यातली तीस गावं, गावाचे चार भाग, भागातली पाच घरं, डाव्या हातानं मोजत दर पाचवं घर. घरात शिरून मुलाच्या हातात दुसरीच्या पातळीचा उतारा द्यायचा. अनेक जिल्ह्यांत हे काम स्थानिक महाविद्यालयांतले तरुण करतात. नमुना कसा काढतात हे आपल्या पोरांना यातून चालता-चालता कळलं, वर्गात कळलं नव्हतं.

पण मराठवाड्यानं स्वतः दिलेला धडा वेगळा आहे, आणि मला तो सगळ्यांत मोठा वाटतो. नांदेडचे जिल्हाधिकारी श्रीकर परदेशी यांनी जिल्ह्यातल्या शाळांचा पट खरोखर डोकी मोजून पडताळला आणि कागदावरची मुलं उघडी पाडली. त्यावरून 3 ते 5 ऑक्टोबर 2011 ला राज्यभर पटपडताळणी झाली. एकच मूल दोन शाळांत मोजलं जाऊ नये म्हणून बोटाला शाई लावली. बोगस विद्यार्थी लाखांनी निघाले. म्हणजे त्याआधीच्या वर्षांतली पटनोंदणी आणि गळती यांवर उभ्या असलेल्या प्रत्येक प्रबंधाखालची जमीन तपासायला हवी होती. मूल्यमापन शिकवणाऱ्या कुठल्याही पदवीच्या पहिल्या तासाला हे प्रकरण ठेवावं, असं माझं मत आहे. सूत्रं नंतर येतात, आधी आकडा कुठून आला हे विचारायचं.

दरम्यान शिकण्याच्या वाटा रुंदावल्या. 2006 मध्ये टाटा सामाजिक विज्ञान संस्थेनं प्राथमिक शिक्षणातली एम.ए. सुरू केली. नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांनाही ती घेता येऊ लागली. संस्थेचं तुळजापूरचं केंद्र तर मराठवाड्यातच आहे.

आता परभणी परिसरातल्या एखाद्या विद्यार्थ्यानं हाती घ्यावं असं काम समोरच आहे. 1 मे 1999 ला हिंगोली वेगळी झाली. त्याआधी एकच जिल्हा, एकच कार्यक्रम, एकच जिल्हा परिषद. त्यानंतर दोन कारभार. छोट्या जिल्ह्यानं शाळा सुधारतात का, हे इथं तपासता येईल. साधन म्हणून लागतील ती गावोगावच्या शाळांतली दाखल-खारीज रजिस्टरं. 1994 ला पहिलीत किती मुली आल्या, त्यांतल्या किती चौथीला पोचल्या, शाळा सोडल्याचं कारण काय लिहिलंय. झरीपासून सुरुवात करून जिंतूर ओलांडत औंढा नागनाथपर्यंत एकेका शाळेत बसून ती उतरवून घ्यावी लागतील.