बुडबुडा गेला कुठे?

शिबला-पार्डीच्या दगडी खांबांची गोष्ट आता सगळ्यांना ठाऊक आहे. २०२१ मध्ये वणी-पांढरकवडा भागात रस्त्याचे काम सुरू असताना जमिनीतून षटकोनी खांब उघडे पडले. कुणा कारागिराने घडवले असावेत इतके रेखीव. मग भूशास्त्रज्ञांनी सांगितले, की हा लाव्हा थंड होताना आकसून तडकलेला बेसाल्ट आहे. फोटो छापून आले, गर्दी झाली. मी केळापूर तालुक्यातला, म्हणून लोक मला त्या खांबांबद्दलच विचारतात. पण दगड थंड होण्याची त्याहून नाट्यमय गोष्ट नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. ती केसाच्या जाडीच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्याएवढ्या जागेत घडते, आणि एका लॅबमध्ये तिच्या पडद्यामागे मी काही वर्षे उभा होतो.

स्फटिक वाढताना आजूबाजूच्या गरम पाण्याचा एखादा थेंब त्याच्या पोटात अडकतो आणि तोंड कायमचे बंद होते. लॅबमध्ये त्याला सगळे ‘इन्क्लुजन’च म्हणतात. दगड निवतो तसे आतले पाणी आकसते, पण भोवतीची भिंत जवळजवळ तेवढीच राहते. रिकाम्या झालेल्या जागेत एक बुडबुडा उभा राहतो. आता आपण तो दगड पुन्हा तापवायचा. पाणी फुगते, बुडबुडा लहान होत होत टिंबाएवढा उरतो आणि एका क्षणी दिसेनासा होतो. तो आकडा टिपायचा. थेंब अडकला तेव्हाचे तापमान निदान तेवढे तरी होते. खरे तापमान त्याहून वरचे असू शकते, कारण जमिनीत खोलवर दाबही असतो आणि त्याचा हिशेब वेगळा धरावा लागतो. पुस्तकात हे दोन परिच्छेदांत संपते. प्रत्यक्षात माझे पहिले चार महिने त्यात गेले.

झाले असे, की गावाकडून नेलेल्या कॅल्साइटच्या एका तुकड्याचे आकडे जुळेनात. एकाच रेषेतली, शेजारी-शेजारी बसलेली इन्क्लुजन्स, एकाच वेळी अडकलेली. तरी मोठ्यांचा आकडा जास्त आणि लहानांचा कमी. मी त्यावरून दोन वेगवेगळ्या काळांत आलेल्या गरम पाण्याचा सिद्धांत रचला, आलेखही काढले. लॅबमध्ये दगडाचे पातळ काप काढणाऱ्या काकांनी ते आलेख पाहिले आणि एवढेच विचारले, “काप काचेवर कसा चिकटवला होता?” मी नेहमीच्या सवयीने हॉटप्लेटवर बाल्सम, म्हणजे चिकट राळ, वितळवून चिकटवला होता. कॅल्साइट मऊ. आतले पाणी तापून फुगले, भिंतीला रेटत गेले आणि थेंबाची ती इवली खोली ताणली गेली. मोठी खोली आधी ताणते, लहान तग धरते. चार महिने मी पृथ्वीचे म्हणून जे तापमान मोजत होतो, त्यात निम्मा वाटा आमच्या हॉटप्लेटचा होता.

ही चूक किरकोळ वाटेल, पण खनिज तेल शिजण्याचा पट्टा साधारण ६० ते १४० अंशांचा असतो, आणि खडकात अडकलेल्या तेलाच्या थेंबांवरून तो ओळखता येतो. हे थेंब अतिनील प्रकाशात चमकतात. मुंबईच्या समुद्रातल्या विहिरींच्या खडकांचा असा अभ्यास तिरुवनंतपुरमच्या राष्ट्रीय भूविज्ञान अभ्यास केंद्रात झाला आहे. तिथे चाळीस अंशांची चूक म्हणजे तेलाऐवजी नुसता खडक.

दुसरा किस्सा घरचा. कर्नाटकातल्या हट्टीच्या सोन्याच्या शिरेतली गारगोटी घेऊन मी मे महिन्यात पांढरकवड्याला आलो होतो. या गारगोटीत पाणी असते, पाण्यात द्रव कार्बन डायॉक्साइडचा गोळा, आणि त्या गोळ्यात वायूचा एक बुडबुडा, सतत थरथरणारा. भाच्याला मी नाचणारा बुडबुडा दाखवायचे कबूल केले होते. भर दुपारी सूक्ष्मदर्शक मांडला, तर गोळा जागेवर आणि बुडबुडा गायब. मला वाटले, प्रवासात इन्क्लुजन फुटले. आई डोकावून म्हणाली, “उन्हानं भेला असन बाप्पा.” रात्री कूलर लावल्यावर सहज पुन्हा डोळा लावला, तर बुडबुडा परत आला होता आणि थरथरत होता.

आईचे बरोबर होते. कार्बन डायॉक्साइडचा द्रव आणि वायू हा भेद ३१.१ अंशांपर्यंतच टिकतो. त्यापुढे दोन्ही एकरूप होतात. वऱ्हाडातल्या मे महिन्यात दिवसा हा बुडबुडा दिसायचाच नाही. स्कॉटलंडच्या डेव्हिड ब्रूस्टरला १८२० च्या दशकात पुष्कराजात असाच द्रव सापडला. जरा उबेने तो इतका फुगे, की हे पाणी नव्हेच, एवढे त्याच्या लक्षात आले. पण आहे काय, याचा उलगडा व्हायला आणखी काही दशके गेली. ब्रूस्टरच्या थंड मुलखात बुडबुडा घालवायला ऊब लागे. आमच्याकडे तो परत आणायला कूलर लागला.

इन्क्लुजन्सच्या या शास्त्राची पहिली चाल शेफिल्डच्या हेन्री क्लिफ्टन सॉर्बीची. १८५८ मध्ये त्याने बुडबुड्यावरून तापमान काढण्याची रीत मांडली. डोंगर काय सूक्ष्मदर्शकातून बघायचे असतात, म्हणून लोक त्याला हसले. त्याने पुढे तोच सूक्ष्मदर्शक पोलादावर रोखला आणि धातूंच्या अंतर्रचनेचे नवे शास्त्र उभे केले.

आमच्या लॅबमधले कायमचे भांडण म्हणजे आधी तापवायचे की आधी गोठवायचे. गोठवून क्षार कळतात: नुसते मीठ असेल तर मिश्रण उणे २१.२ अंशांना वितळू लागते, आणि शेवटचा बर्फाचा कण कधी विरतो त्यावरून खारटपणा निघतो. आमच्यात दोन गट होते आणि ते एकमेकांच्या वह्यांवर विश्वास ठेवत नसत. एक गट म्हणे, आधी गोठवा, नाहीतर तापवताना फुटेल. दुसरा म्हणे, आधी तापवा, नाहीतर पाण्याचा बर्फ होताना नऊ टक्के फुगेल आणि खोली ताणेल. पुढे कळले, की पहिला गट गारगोटीवर काम करत होता आणि दुसरा कॅल्साइटवर. दोघेही बरोबर होते.

पण माझा सर्वात आवडता धडा फुटलेल्या इन्क्लुजन्सचा. गारगोटी तापवली की ती ज्वारीच्या लाह्यांसारखी तडतडते. दहा-बारा मायक्रॉनची खोली गारगोटीत सुमारे ८५० बारपर्यंत आतला दाब सोसते. गाडीच्या टायरात असतो दोन-अडीच बार. अशी फुटकी, वाकडी इन्क्लुजन्स आम्ही निरुपयोगी म्हणून वगळायचो. १९८९ मध्ये स्टर्नर आणि बॉडनर यांनी प्रयोगशाळेत मुद्दाम बनवलेल्या इन्क्लुजन्सवर वेगवेगळे दाब देऊन पाहिले होते. तो निबंध मी फार उशिरा वाचला. बाहेरचा दाब वरचढ झाला तर खोली आत दबते आणि भोवती बारीक थेंबांचे कडे उरते. आतला वरचढ झाला तर भेगा बाहेर धावतात. म्हणजे दगड खोल गाडला गेला की वर उचलला गेला, हे त्या मोडक्या खोल्यांतच लिहिलेले असते. आम्ही नेमकी तीच पाने फाडत होतो.

असा पुरावा वेळीच जपला तर काय हाती लागते, याचेही एक उदाहरण आहे. २२ मार्च १९९८ रोजी टेक्सासमधल्या मोनाहान्स गावात मुले बास्केटबॉल खेळत असताना उल्का पडली. तीन दिवसांच्या आत ती स्वच्छ प्रयोगशाळेत फोडली गेली. आत मिठाचे जांभळे स्फटिक होते आणि मिठात पाण्याचे थेंब, जवळपास सौरमालेच्या वयाचे. मीठ दमट हवेत विरघळते. चार पावसाळी दिवस उघड्यावर राहिली असती, तर ते पाणी कुणालाच दिसले नसते.

म्हणून केळापूर, झरी, वणीकडच्या मंडळींना माझी विनंती आहे. विहीर खोदताना, खाणीत किंवा रस्त्याच्या कापात चमकणारा स्फटिक सापडला, तर सुटा खडा हातोडीने काढू नका. भोवतीच्या खडकासकट उचला. किती खोल, कुठल्या थरात सापडला ते त्याच दिवशी वहीत लिहा. धुवायला गरम पाणी वापरू नका, फ्रीजमध्ये ठेवू नका, आणि उन्हात तर मुळीच ठेवू नका. जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून घरातल्या गार कोपऱ्यात ठेवा आणि जवळच्या महाविद्यालयाच्या भूशास्त्र विभागाला कळवा.