जुनी नाणी चिंचेने घासताय? थांबा, आधी हे वाचा

दिवाळीची आवराआवर सुरू झाली की पेटीच्या तळातून, आजीच्या बटव्यातून जुनी नाणी बाहेर निघतात. भोकाचा पैसा, राणी छाप रुपया, एखादी काळी पडलेली शिवराई. मग कुणीतरी चिंचेचा कोळ नाहीतर भांड्याची पावडर घेऊन बसतं आणि दहा मिनिटांत नाणं चकाचक! पण नाणी जमवणाऱ्याच्या लेखी त्याची किंमत तिथेच उतरलेली असते.

तांब्याच्या नाण्यावरचा तपकिरी-काळपट थर म्हणजे मळ नव्हे. तो हवेमुळे वर्षानुवर्षांत तयार होतो आणि खालच्या धातूला तोच सांभाळतो. चिंच-लिंबातलं आम्ल हा थर खाऊन टाकतं. शिवराईचंच बघा. १६७४ च्या राज्याभिषेकावेळी सुरू झालेलं हे नाणं, एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. हाताने ठोकून पाडल्यामुळे अक्षरं मुळातच अर्धवट आणि उथळ. पुढे पेशवाईतही शिवराया पाडल्या गेल्या. आपल्या हातातली कुठल्या काळातली, हे जाणकार अक्षरांवरून आणि खुणांवरून ठरवतात. तीच घासून गेली तर काय उरलं? तांब्याचा तुकडा.

चांदीला राख आणि टूथपेस्टने बारीक चरे पडतात, ते पुन्हा भरून येत नाहीत. आणि चांदीचा समजून घासायला घेतलेला १९४७ चा रुपया तर चांदीचा नसतोच, तो निकेलचा. १९३९ पर्यंतच्या रुपयात सुमारे ९२ टक्के चांदी होती, १९४० पासून ती निम्म्यावर आली. देव्हाऱ्यातला पूजेचा रुपया घासायचा असेल तर खुशाल घासा, फक्त तो विकायचा विचार सोडा.

मग माती, तेल, कुंकू काढायचंच असेल तर? डिस्टिल्ड वॉटर आणा. गाडीच्या बॅटरीत टाकतात तेच, पण दुकानात मागताना 'अॅसिड नको, पाणी द्या' असं नीट सांगा. बोअरचं पाणी नको, त्यातल्या क्षारांचे डाग पडतात. काचेच्या वाटीत एका वेळी एकच नाणं बुडवून ठेवा आणि रोज पाणी बदला. तेलकट असेल तर पहिल्या दिवशी साध्या लिक्विड साबणाचा एक थेंब पुरे. माती सुटायला दोन दिवस लागतील, कधी आठवडाही लागेल. घाई करून ब्रश मारू नका. शेवटी मऊ सुती कापडावर ठेवून फक्त टिपा, पुसू नका. नंतर नाणं कडेला धरूनच उचलायचं, बोटांचा घामही डाग पाडतो.

हिरवा थर घट्ट असेल तर राहू द्या. फिकट हिरवी भुकटी निघत असेल आणि काढली तरी परत येत असेल, तर मात्र ते नाणं आतून खराब होतंय. इतर नाण्यांपासून ते लगेच वेगळं करा आणि जाणकाराला दाखवा. ठेवायला कोरडी कागदी पाकिटं बरी. मऊ प्लास्टिकच्या पिशवीने नाण्यांवर चिकट हिरवट थर येतो, रबरबँडने चांदी काळी पडते.

'या नाण्याला पाच लाख, आधी कमिशन भरा' असा फोन आला तर सरळ ठेवून द्या. आपण असल्या व्यवहारात नाही आणि कुणाला कमिशन मागायला नेमलेलंही नाही, असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर केलंय.

आणि नांगरताना शेतात नाण्यांचं गाडगं लागलं तर त्याची गोष्ट वेगळी. १८७८ च्या कायद्याने जमिनीत पुरलेला दहा रुपयांवरचा ऐवज सापडला की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. तशी नाणी धुऊच नका, आहेत तशी मातीसकट ठेवा. कुठल्या थरातून, कशासोबत निघाली, हे अभ्यासकांना त्या मातीवरूनही कळतं.