टोकियोच्या गल्लीतली आंघोळ

टोकियोत नव्याने राहायला आलेल्यांना देवळं, बागा आणि चेरीच्या बहराच्या जागांची यादी सगळेच देतात. मी आधी जवळच्या सेंतोत जायला सांगते. सेंतो म्हणजे वस्तीतलं सार्वजनिक स्नानगृह. गरम झऱ्यांच्या ओनसेनला लोक सहल काढून जातात. सेंतोत मात्र शेजारपाजारची माणसं संध्याकाळी साबण-पंचा घेऊन चालत येतात.

टोकियोच्या निशी-कासाई भागात आपली बरीच भारतीय मंडळी राहतात, पण सेंतोची पायरी चढणारी थोडी. चारचौघांत अंगावर एकही कपडा न ठेवता आंघोळ करायची, हे ऐकूनच आपण आक्रसतो. पुरुषांचं आणि बायकांचं दालन अर्थातच वेगळं असतं. आणि आत गेल्यावर कळतं, इथे कुणाचंच कुणाकडे लक्ष नसतं. म्हाताऱ्या आज्या, कॉलेजातल्या मुली, कडेवर लेकरू घेतलेल्या बाया, सगळ्या आपापल्या आंघोळीत रमलेल्या.

दारात चपला काढून कप्प्यात ठेवायच्या, पैसे भरायचे, कपडे टोपलीत किंवा कपाटात. आत भिंतीलगत गुडघ्याएवढ्या उंचीवर नळ आणि बुटकी स्टुलं. पिवळ्याधमक प्लास्टिकच्या घमेल्यावर लाल अक्षरांत 'केरोरिन' लिहिलेलं दिसेल. डोकेदुखीवरच्या औषधाची ही जाहिरात १९६३पासून न्हाणीघरांत फिरते आहे. स्टुलावर बसून अंग स्वच्छ घासायचं, साबणाचा शेवटचा फेसही धुवायचा आणि मगच हौदात उतरायचं, कारण ते पाणी सगळ्यांचं. पंचा पाण्यात बुडवायचा नाही, म्हणून बायका घडी करून डोक्यावर ठेवतात. पाणी साधारण ४२ अंशांचं. पहिल्यांदा पाय टाकला की चटका बसतो. श्वास सोडत हळूहळू गळ्यापर्यंत बसावं, मग खांदे आपोआप सैल पडतात. दिवसभर लोकलमध्ये उभं राहिलेल्या पायांना याहून मोठं सुख मला माहीत नाही.

बसल्या बसल्या नजर जाते भिंतीवरच्या फुजी पर्वताच्या चित्राकडे. १९१२ साली कान्दा भागातल्या किकाई-यू या स्नानगृहात असं चित्र पहिल्यांदा काढलं गेलं, असं सांगतात. चित्रकार कावागोए कोशिरो शिझुओकाचे, म्हणजे फुजीच्याच मुलखातले. वाफेने रंग उडतात, म्हणून काही वर्षांनी चित्र पुन्हा काढावं लागतं. सुट्टीच्या दिवशी चित्रकार येतो आणि जुन्या चित्रावरच, वरच्या आभाळापासून सुरुवात करून, एका दिवसात नवा फुजी उभा करतो. ही कला जाणणारे आता बोटांवर मोजण्याइतकेच उरले आहेत.

छत खूप उंच असतं, वाफ वर चढून झरोक्यांतून निघून जावी म्हणून. दोन दालनांमधली भिंत छतापर्यंत पोचत नाही, त्यामुळे पलीकडच्या नवऱ्याला 'निघते हं' अशी हाक मारता येते. जुन्या सेंतोंचं देवळासारखं कौलारू छप्पर १९२३च्या भूकंपानंतर टोकियोत रुजलं.

तिकिटाचा दर मालक ठरवत नाही. १९४६च्या किंमत-नियंत्रण आदेशानुसार स्थानिक सरकार त्याची कमाल मर्यादा ठरवतं. टोकियोत ऑगस्ट २०२४मध्ये ती मोठ्यांसाठी ५५० येन झाली. इतक्या पैशांत इंधन, पाणी आणि दुरुस्ती भागवणं कठीण. त्यात घरोघरी न्हाणीघरं आली, मालक म्हातारे झाले, मुलांनी दुसऱ्या नोकऱ्या धरल्या. १९६८च्या सुमारास शहरात अडीच हजारांहून जास्त सेंतो होते, आता पाचशेही नाहीत. एखाद्या दारावर 'बंद होत आहे' अशी चिठ्ठी दिसली की मला मनापासून वाईट वाटतं. एकटं राहणाऱ्या म्हाताऱ्यांची रोजची गाठभेट तिथेच होत असते. एखादी आजी चार दिवस दिसली नाही की चौकशी सुरू होते.

आंघोळीनंतर फ्रिजमधली काचेच्या बाटलीतली थंडगार दूध-कॉफी प्यायची, हा रिवाज चुकवू नका.

दिवाळीनंतर कुणी जपानला निघालं असेल, तर २१-२२ डिसेंबरची एक दुपार राखून ठेवा. वर्षातल्या सर्वांत लहान दिवशी बऱ्याच सेंतोंत हौदात युझू नावाची पिवळी, लिंबाच्या जातीची फळं सोडतात. उटणं लावून पहाटे न्हाणाऱ्या आपल्या माणसांना त्या सुगंधी पाण्याचं महत्त्व वेगळं सांगायला नको. संध्याकाळी गर्दी होते, म्हणून दार उघडताच जा. बहुतेक ठिकाणी ते दुपारी तीन-चारच्या सुमारास उघडतं.