गाडीसोबत आलेली ‘कंपनीची बॅटरी’ : किती टिकते आणि वॉरंटी कुठे अडते

मालवणपासून देवगड-विजयदुर्गपर्यंत आपल्याकडे अशी कितीतरी घरं आहेत, जिथे गाडी दारात उभी आहे आणि गाडीचा मालक कुवेतला, दुबईला नाहीतर मुंबईला. घरात अम्मी-अब्बा, बायको, मुलं. गाडी घेतलेली असते ती मुळात अडीअडचणीसाठी. रात्री कुणाला ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात न्यावं लागलं, तिथून गोव्याला बांबोळीला पाठवलं, तर हाताशी असावी म्हणून. आणि नेमकी त्याच वेळी चावी फिरवली की नुसता कट-कट आवाज येतो. मग जुम्म्याच्या नमाजनंतर मशिदीबाहेर चर्चा सुरू होते: “दोन वर्षांची गाडी, कंपनीची बॅटरी, तरी असं कसं? एक्साइड घ्यायला हवी होती की अ‍ॅमरॉन?”

आधी ‘कंपनीची’ म्हणजे कुणाची ते पाहू. मारुती, ह्युंदाई, महिंद्रा या कंपन्या आपल्या गाड्यांना बॅटरी बाहेरून घेऊन बसवतात. भारतात हा पुरवठा मुख्यतः दोघांकडून होतो: कोलकात्याची एक्साइड आणि आंध्र प्रदेशातली अमरा राजा, जिची बॅटरी अ‍ॅमरॉन नावाने येते. टाटाच्या गाड्यांत टाटा ग्रीनही दिसते. ती पुण्याजवळ रांजणगावला जपानच्या जीएस युआसाच्या भागीदारीत बनते. दुकानात वेगळी म्हणून दाखवली जाणारी एसएफ सोनिक ही एक्साइडचीच. त्यामुळे एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांत दोन वेगळ्या नावांच्या बॅटऱ्या निघाल्या तर त्यात फसवणूक नाही. आणि अमुक एक नाव घेतलं की ती जास्त टिकतेच, असंही नाही. साधारण तीन ते पाच वर्षं हे यातल्या कुठल्याही चांगल्या बॅटरीचं आयुष्य. तीन की पाच, हे बहुतेक वेळा नावापेक्षा वापरावर ठरतं.

गाडी बंद असली तरी घड्याळ, रिमोट लॉक, अलार्म, कॉम्प्युटर हे सगळं थोडा थोडा करंट खातच असतं. तो ३० मिलीअँपिअर धरा. दिवसाचे २४ तास म्हणजे ०.७२ अँपिअर-अवर. छोट्या पेट्रोल गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-अवरची असते. भागाकार केला तर साधारण ४८ दिवसांत ती रिकामी, आणि तीन-साडेतीन आठवड्यांत निम्मी. म्हणजे मुलगा ईद करून परत गेला आणि गाडी दोन महिने झाकून ठेवली, तर नवीकोरी बॅटरीसुद्धा बसणारच. वाईट गोष्ट पुढे आहे. उतरलेल्या अवस्थेत बॅटरी पडून राहिली की आतल्या शिशाच्या प्लेटांवर सल्फेटचा कडक थर जमतो. नंतर चार्ज केली तरी ती पहिल्यासारखी होत नाही.

यावर उपाय म्हणून घरातली मंडळी रोज गाडी पाच मिनिटं चालू करून बंद करतात. त्याने फायदा कमी. सेल्फ मारताना जेवढं खर्च होतं, तेवढं जागेवर उभ्या गाडीत नीट भरून निघत नाही. आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास गाडी रस्त्यावर फिरवा, तेवढं पुरतं. चालवणारं कुणीच नसेल तर माहितगाराकडून निगेटिव्ह टर्मिनल काढून ठेवा. घड्याळ आणि रेडिओचं सेटिंग पुन्हा करावं लागेल, इतकंच.

आता वॉरंटी. गाडीला तीन वर्षांची वॉरंटी म्हणजे बॅटरीलाही तीन वर्षं, असा सरसकट समज आहे. तो बरोबर नाही. बऱ्याच गाड्यांच्या वॉरंटी पुस्तिकेत टायर आणि बॅटरी वेगळी काढलेली असते. त्यांची जबाबदारी ती बनवणाऱ्या कंपनीवर. दुकानातून घेतलेल्या बॅटरीवर ‘२४+२४’ असं लिहिलेलं असतं. पहिले २४ महिने बिघडली तर फुकट बदलून, पुढचे २४ महिने नव्या बॅटरीच्या किमतीत फक्त सूट, तीही उरलेल्या महिन्यांच्या हिशोबाने. विक्रेता मात्र ‘चार वर्षांची गॅरंटी’ म्हणून मोकळा होतो. ऐब सांगून माल विकावा ही शिकवण आपल्याला ठाऊक आहे; घेणाऱ्यानेही कागद वाचून घ्यावा. फुकट बदलून मिळालेल्या बॅटरीला सहसा जुनीची उरलेली मुदतच लागू राहते, नवी सुरू होत नाही. टॅक्सी पासिंगच्या गाडीला वॉरंटी कमी मिळते. आणि उभ्या गाड्यांच्या घरांनी हे नीट वाचा: नुसती उतरलेली बॅटरी हा दोष धरला जात नाही. डीलर चार्ज करून परत देतो.

म्हणून नवी गाडी ताब्यात घेतानाच बॉनेट उघडायला सांगा. बॅटरीचं नाव, नंबर आणि उत्पादनाच्या तारखेचा कोड यांचा मोबाइलवर फोटो काढा. कोड कळत नसेल तर शोरूमवाल्याकडून उलगडून घ्या. गाडी यार्डात कित्येक महिने उभी राहिली असेल तर बॅटरीचं काही आयुष्य तिथेच गेलेलं असतं. मल्टिमीटर लावून बघायला लाजू नका. गाडी काही तास बंद असताना १२.६ व्होल्टच्या आसपास आकडा दिसला तर बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे जेमतेम निम्मी. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ दिसायला हवं. त्याहून बरंच कमी असेल तर दोष बॅटरीचा नाही, ऑल्टरनेटर तपासा.

आपल्या खाऱ्या हवेत टर्मिनलवर पांढरा-हिरवट थर फार लवकर चढतो, आणि कित्येकदा ‘बॅटरी गेली’ म्हणतात तेव्हा खरं तर तो थरच करंट अडवत असतो. निगेटिव्ह आधी काढा, कोमट पाण्यात खायचा सोडा घालून ब्रशने घासा, कोरडं करून वर व्हॅसलीन लावा. उष्णतेचंही तसंच. आखातात राहिलेल्यांना विचारा, तिथल्या उन्हात बॅटरी जेमतेम दोन वर्षं काढते. गाडी सावलीत लावली तर इथेही फरक पडतो.

बदलायची वेळ आलीच तर जुनीवरचा नंबर तंतोतंत जुळवा. सिग्नलला आपोआप बंद-चालू होणाऱ्या स्मार्ट हायब्रिड गाड्यांना ईएफबी प्रकारची बॅटरी लागते. स्वस्तातली साधी बसवली तर ती लवकर दम तोडते. एक्साइड की अ‍ॅमरॉन या वादात माझं मत विचाराल तर, ज्याचा डीलर मालवण, कुडाळ किंवा कणकवलीत तुमच्यापासून जवळ आहे आणि बिलावर तारीख-शिक्का नीट देतो, त्याची घ्यावी. जुनी बॅटरी त्याच्याकडेच परत द्या. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ती परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे, आणि नव्या बॅटरीच्या किमतीतून तिचे पैसेही वजा होतात. अंगणात फोडून शिसं काढणाऱ्या भंगारवाल्याला देऊ नका. त्यातलं अ‍ॅसिड आणि शिसं जमिनीत, तिथून विहिरीत उतरतं, आणि शिशाचा सगळ्यात जास्त त्रास लहान मुलांच्या मेंदूला होतो.