दार ठोठावण्याची शिक्षा

कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतात एल्मायरा नावाचे एक छोटेसे गाव आहे. १९७४ च्या मे महिन्यात एका रात्री दोन तरुण दारू पिऊन गावभर धुडगूस घालत फिरले. मोटारींचे टायर फाडले, खिडक्या फोडल्या, एक होडी उलथवून टाकली. उजाडले तेव्हा २२ ठिकाणी नुकसान झालेले होते. पोरे पकडली गेली, त्यांनी गुन्हा कबूलही केला. आता न्यायाधीशांनी दंड करायचा की तुरुंगात धाडायचे, एवढेच ठरायचे बाकी होते.

मार्क यान्त्झी नावाच्या प्रोबेशन अधिकाऱ्याच्या मनात मात्र भलतेच आले. ज्यांचे नुकसान केले त्यांच्या दारात जाऊन या दोघांनी उभे राहिले तर? न्यायाधीशांना ही सूचना आधी रुचली नाही, कारण कायद्यात तसे कुठे लिहिलेले नव्हते. पण पुढे त्यांनीच तसा हुकूम केला. मग हे दोघे घरोघर गेले. यान्त्झी आणि त्यांचे एक सहकारी वही घेऊन मागे उभे राहत, बोलायचे ते या पोरांनीच. नुकसान सुमारे २,२०० डॉलर भरले. निम्म्याच्या आसपास विम्यातून सुटले, उरलेले दोघांनी काही महिन्यांत चुकते केले. दंड आणि प्रोबेशन होतेच, ते काही माफ झाले नाही. त्यांच्यातल्या रसेल केली याने पुढे अनेक वर्षांनी सांगितले, की ती दारे ठोठावणे ही आयुष्यातल्या सर्वांत कठीण गोष्टींपैकी एक होती. हाच केली नंतर किचनर गावातल्या, असेच काम करणाऱ्या एका संस्थेत स्वयंसेवक झाला.

या पद्धतीला इंग्रजीत ‘रिस्टोरेटिव्ह जस्टिस’ म्हणतात. मराठीत ‘पुनर्स्थापक न्याय’ असा शब्द केलेला आहे, पण तो जिभेवर काही बसत नाही. मी आपली ‘सांधणारा न्याय’ म्हणते. हॉवर्ड झेहर या अमेरिकन अभ्यासकांनी १९९० साली या विषयावर पुस्तक लिहिले. त्यांचे म्हणणे साधे आहे. आपण विचारतो, कोणता कायदा मोडला, कोणी मोडला, त्याला काय शिक्षा द्यायची. त्याऐवजी विचारावे, कोणाला इजा झाली, त्याला आता कशाची गरज आहे, आणि ती भागवणे कोणाचे काम आहे.

आपल्याकडच्या फौजदारी खटल्याचे नाव पाहा: ‘महाराष्ट्र शासन विरुद्ध अमुक’. ज्याच्या घरी चोरी झाली तो या नावात कुठेच नाही. तो साक्षीदार. समन्स आले की जायचे, विचारले तेवढ्याचेच उत्तर द्यायचे, तारीख पडली की घरी यायचे. ‘माझेच घर का निवडलेस?’ हा त्याच्या मनात रात्रंदिवस घोळणारा प्रश्न विचारायची सोय कोर्टात नसते, आणि आरोपीचा वकील त्याला तोंड उघडू देत नाही. वकिलाचे ते कामच आहे म्हणा.

न्यूझीलंडने ही गोष्ट थेट कायद्यात घातली. तिथल्या माओरी समाजाची तक्रार होती, की सरकारी यंत्रणा आमची मुले उचलून नेते आणि आम्हाला, म्हणजे मुलाच्या साऱ्या कुटुंब-गोताला, कोणी विचारत नाही. १९८९ च्या कायद्याने ‘कौटुंबिक बैठक’ आली. मुलगा, त्याचे आईवडील, काका-आत्या, पोलिस आणि यायची इच्छा असेल तर ज्याचे नुकसान झाले तो, असे सगळे एकत्र बसतात. सारे बोलून झाले की बाकीचे बाहेर जातात आणि कुटुंबाला एकटे सोडतात. भरपाई कशी करायची, पोरावर लक्ष कोणी ठेवायचे, हे घरच्यांनी आपसात ठरवून मग सर्वांपुढे मांडायचे. मला हा एकटे सोडण्याचा भाग फार शहाणपणाचा वाटतो. चार परक्यांसमोर कोणती आई खरे बोलेल?

हे वाचून कोणी म्हणेल, ‘यात नवे ते काय? आमच्याकडे गावकी होतीच की!’ होती. पण गावकीत खाली कोण बसे आणि वर कोण बसे, हेही आठवावे. जातपंचायतींनी समेटाच्या नावाखाली कुटुंबेच्या कुटुंबे वाळीत टाकली, म्हणून तर महाराष्ट्राला २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला. २००७ मध्ये आपल्या राज्यात तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. बांधाचा, पाण्याचा वाद कोर्टात दोन पिढ्या कुजण्यापेक्षा गावात सुटला तर बरेच. पण ‘मिटवून टाका’ हे वाक्य बहुधा जो दुबळा आहे त्यालाच उद्देशून असते, आणि घरात मार खाणाऱ्या बाईला तर ते हमखास ऐकावे लागते.

२०२० साली मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने विनयभंगाच्या एका आरोपीला जामीन देताना अट घातली: रक्षाबंधनाला मिठाई घेऊन तक्रारदार बाईच्या घरी जायचे आणि तिला राखी बांधायची विनंती करायची. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२१ मध्ये ती अट रद्द केली हे फार चांगले झाले. एल्मायराची पोरेही दारातच गेली होती, पण त्यांनी गुन्हा आधी कबूल केला होता. इथे आरोप सिद्ध व्हायचा होता, आणि बाईला तो माणूस दारात हवा आहे का, हे कोण विचारणार होते?

मी अनेक वर्षे माध्यमिक शाळेत शिकवले. दहावीच्या प्रात्यक्षिक परीक्षेला तीन आठवडे असताना एका मुलीची विज्ञानाची प्रयोगवही एका मुलाने पाण्याच्या टाकीत टाकली. वर्ग हसला. शाळेच्या रिवाजाप्रमाणे त्याला आठ दिवस घरी बसवायचे ठरत होते. तेवढ्यात मुलीचे वडील म्हणाले, ‘तो घरी बसेल, वही कोण लिहिणार?’

मी आधी मुलीला विचारले, मग मुलाला, मग दोघांच्या घरच्यांना. तिची तयारी आहे म्हटल्यावरच सगळ्यांना स्टाफरूममध्ये गोल बसवले. मुलगा म्हणाला, गंमत केली. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘त्या दिवसापासून मी प्रयोगशाळेत येत नाही. कोणी हसले की मला वाटते माझ्यावरच हसतात.’ मुलाची आई रडायला लागली. तो मात्र खाली बघत बसला, आणि मला वाटते गंमत हा शब्द त्याने त्यानंतर उच्चारला नाही.

काय हवे ते तिनेच सांगितले. नवी वही त्याने आणायची, पानांना समास आखायचे, प्रत्येक प्रयोगावर सरांची सही पुन्हा त्यानेच मागून आणायची, आणि वही आपण टाकली हे वर्गात उभे राहून सांगायचे. अक्षर तिचेच लागणार होते, म्हणून लिहिण्याचा वेळ तिला अभ्यासिकेत दिला. माफीचे काय, असे त्याच्या वडिलांनी विचारले. ‘ते मी नंतर बघीन,’ ती म्हणाली.

सरांनी दोनदा त्याला सही न देता परत पाठवले. वही परीक्षेच्या चार दिवस आधी पुरी झाली. ती प्रात्यक्षिकाला आली, पुढच्या टेबलाशी उभी राहिली. तिने त्याला माफ केले की नाही, ते मी कधी विचारले नाही.